काठावरचा ढीग

मंगळवार, सकाळ

प्रिय दादा,

तुला नि वहिनीला नमस्कार. इकडे सगळं ठीक. घराचं काम जोरात चाललंय. वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, वाकून केर काढणं आता पुरे.

पत्राचं कारण, तळघर खोदायला कुठलं मशीन घ्यावं हे तुला विचारायचं होतं. तू जन्मभर पोकलेन चालवलंस, तुला नाही विचारायचं तर कुणाला?

म्हणजे, मशीन आणून झालंय, दादा. परतही गेलं. तू म्हणाला होतास, पुढची भिंत पाडा, मोठं मशीन आत घ्या, माती गाडीत भरून लांब टाका. त्यावर ह्यांनी तुला तोंडावर सुनावलं, की मशीनवाल्याला मोठंच मशीन सुचणार. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. मग ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून छोटं पोकलेन भाड्यानं आणलं. ते बोळातून अलगद आत आलं तेव्हा ह्यांची कॉलर अशी ताठ, की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मीही कौतुक केलं. दिसायला गोंडसच होतं.

पण त्याचा हात तोकडा. खोदलेली माती तिथंच काठावर टाकायची, दुसरीकडे नेणार कशी? तळघराचा खड्डा ह्यांच्या डोक्यावर गेला नि काठावरचा ढीग माझ्या. पुढं मशीनचा हात तळाला पोचेना, म्हणून ते परत केलं. उरलेलं हे स्वतः खाली उतरून फावड्यानं काढतायत.

ढिगाच्या मागं जमिनीला भेग पडलीय. परवा तिच्यात बोट जात होतं. आज माझी मूठ गेली. ह्यांना दाखवली तर म्हणाले, "उन्हानं तडकलीय. तू डोकं खाऊ नकोस." काल मातीचा लोट सुटून ह्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. पाय कसाबसा उपसला, चप्पल आतच राहिली. वर येऊन हसत होते. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय मला. ती मोडली बघ.

मी रडून झाले, भांडून झाले. खडी घेऊन आलेला गाडीवालाही समजवायला गेला, तर त्याच्यावरच डाफरले. तू खरा ठरशील याची त्यांना धास्ती आहे, मातीची नाही. तुझा फोन लागत नाही, साइटवर रेंज नसेल. हा गाडीवाला इथून तुझ्याच साइटवर निघालाय, त्याच्या हाती हे देते.

सकाळपासून मी खिडकीतून हाका मारतेय. ते खालून "आहे गं" म्हणतात. तेवढं ऐकलं की पुढचं भांडं घासते. आत्ता मारलेल्या हाकेला उत्तर उशिरा आलं.

आता एकच उपाय सुचतोय. गाडी निघाली की मी शिडीनं खाली उतरणार आणि ह्यांच्या शेजारी बसणार. म्हणतील, वर जा. मी म्हणेन, तुम्ही आधी. स्वतःच्या जिवाचं काही नसलं तरी माझ्या जिवाला ते जपतात, एवढं मला ठाऊक आहे.

हातातलं काम टाकून ये. मोठं मशीन घेऊन ये. भिंत खुशाल पाड, मी बघते ह्यांच्याकडे. आम्ही दोघं ओट्यावर बसलेलो दिसलो, तर ह्यांना टोमणा मारू नकोस, नुसता चहा माग. दिसलो नाही, तर हाका मारण्यात वेळ घालवू नकोस. आधी काठावरचा ढीग मागं ओढ.

तुझी वाट बघणारी,
धाकटी