वरच्या खोलीतली गार हवा

पेण, १४ जुलै

प्रिय दर्शना,

काल सकाळी राणीच्या खोलीतला एसीचा डक्ट खोलला. आतून दीड घमेलं पांढरी भुकटी निघाली. एसीवाल्या निलेशने घमेलं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "आप्पा, ही रस्त्याची धूळ नाय. तुमच्याच मूर्तींच्या कारखान्यातला माल हाय हा." तीच भुकटी पुडीत बांधून मी राणीच्या डॉक्टरांना दाखवली. त्या म्हणाल्या, खोकल्याचं हे कारण असू शकतं. नक्की सांगता येत नाही. तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय.

मे महिन्यात मी तुमच्या गावी, अष्टमीला आलो आणि तुझ्याशी भांडून नातीला इकडे घेऊन आलो. संध्याकाळी वारा फिरला की तुमच्या गच्चीवर केमिकल कंपनीचा वास येतो, पोर खोकते, तू खिडक्या लावून बसतेस, हे मला बघवेना. "सहा वर्षांच्या पोरीला या वासात ठेवतेस, आई कसली तू?" असं मी जावयासमोर, प्रणितच्या देखत बोललो. तू तिची पिशवी भरलीस.

इकडे तिच्यासाठी मी सगळं केलं, असं मला वाटत होतं. पावसाळ्यात मूर्तींचे रंग सुकावेत म्हणून एका बंद पडलेल्या हॉलचा जुना एसी आखणीच्या, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायच्या खोलीसाठी घेतला होता. त्याच्या डक्टचा एक फाटा वर नेऊन राणीच्या खोलीत सोडला. खिडकी बंद, हवा गार, वास कसलाच नाही. पण तो एसी खालचीच हवा ओढून वर देत होता, आणि खाली आमची माणसं दिवसभर कच्च्या मूर्ती पॉलिशपेपरने घासतात. या भुकटीला आपल्या घरात कधी कोणी कचरा म्हटलंय का? तुझी आई अजून ती झाडण्याआधी कपाळाला हात लावते. जिचा देव होतो, ती पोरीच्या छातीत जाऊन बसेल, हे डोक्यात यावं कसं?

राणी एकदा म्हणाली, "आजोबा, माझ्या गळ्यात मांजर गुरगुरतंय." मी हसलो. तुझी आई हसली नाही. "मूर्तीचा डोळा केसभर सरकला तर दिसतो तुम्हाला, पोरीचा दम नाय दिसत?" असं म्हणून तीच तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून एसी बंद केला, त्याला आज पाच दिवस झाले. मांजर जवळजवळ गेलंय. पण डॉक्टरांनी तोंडाने औषध ओढायचा पंपही त्याच दिवशी सुरू केला, आणि पाऊसही तेव्हाच उघडला. मग गुण कशाचा म्हणायचा? आणि डक्टचाच दोष असेल, तर ती तुझ्याकडे का खोकत होती? तुमच्याकडचा वास खरा होता की नाही? मी उलटसुलट विचार करतो आणि पुन्हा तिथेच येतो. वास येत होता ती हवा वाईट आणि येत नव्हता ती चांगली, एवढंच मला कळत होतं. आता तेही कळत नाही.

पंपाचं वाचून तू चमकली असशील. फोनवर तीन वेळा मी तुला साधी सर्दी म्हणून सांगितलं. तोंडाने खरं निघेना, म्हणून हे पत्र. आणि एक गोष्ट तुझ्या आईलाही ठाऊक नाही. एसीच्या तोंडाला जाळी होती. ती भुकटीने सारखी बुजायची, गारवा कमी पडायचा, रंग सुकायला वेळ लागायचा. गिऱ्हाइकांची घाई होती. जूनमध्ये मीच ती काढून ठेवायला लावली. राणी तेव्हा वरच झोपत होती. काल पुडी दाखवली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, जाळी धुता ना? मी हो म्हणून मान हलवली. रविवारी प्रणितला सुट्टी आहे, दोघं या आणि तिला घेऊन जा. ती राहायचा हट्ट करेल, मीही कदाचित करेन. तू ऐकू नकोस. त्यानंतरच्या बुधवारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय, तेवढ्यासाठी तिला घेऊन इकडे ये. आत तूच जा तिला घेऊन. मी बाहेर बाकावर बसेन. त्या जाळीचं विचारतील, तेव्हा मला हाक मार. मी आत येऊन सांगेन.

तू ठेवशील तर तुझाच,
आप्पा