पिस्तुलाचा परवाना आणि आतली कडी

४ मार्च, सकाळी

निर्णय झाला. पिस्तुलाचा परवाना काढायचा. पिस्तूल नुसतं घरात ठेवायचं नाही, कमरेला लावून फिरायचं. माणसाने एकदा ठरवलं की ठरवलं.

मंगळवारचा प्रसंग एकदा स्वच्छ लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. दुकान बंद करायची वेळ. ही काउंटरवर चष्म्यांच्या फ्रेम पुसत होती. मी आतल्या खोलीत, जिथे गिऱ्हाइकांचे डोळे तपासतो तिथे, भिंगांची पेटी लावत होतो. टोपी घातलेला एक माणूस आला, त्याने हिला सुरा दाखवला, शोकेसमधल्या भारी फ्रेम पिशवीत भरल्या आणि गेला. हिला साधं खरचटलंही नाही. मी बाहेर आलो तेव्हा तो रस्त्यावर नव्हता. पोलिसांत तक्रार दिली.

एवढंच. त्या खोलीचं दार जरा घट्ट बसतं. लाकूड फुगलंय.

५ मार्च

शेजारच्या घड्याळवाल्याला सगळं सांगितलं. सांगता सांगता, मी चोराच्या मागे कोपऱ्यापर्यंत धावलो, असं तोंडातून गेलं. घड्याळवाल्याने पाठ थोपटली. म्हणाला, या वयात कमाल आहे. ही शेजारीच उभी होती. काच पुसत राहिली. काच आधीच स्वच्छ होती.

दुपारी जेवण गेलं नाही. पित्त असावं.

७ मार्च

लायसन्सच्या ऑफिसात जाऊन फॉर्म आणला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पिस्तूल कशाला हवंय? मी म्हणालो, कुटुंबाच्या रक्षणासाठी. आवाज छान लागला होता. मागच्या रांगेतले दोघं माझ्याकडे बघायला लागले.

फॉर्म चार पानी. रकाना नऊ: जिवाला धोका होता त्या वेळी अर्जदार नेमका कुठे होता व त्याने काय केले? रकाना चौदा: घरातल्या सज्ञान माणसाने स्वतःच्या अक्षरात प्रसंग लिहून संमती द्यावी. बाईंकडून आणखी दोन कोरे फॉर्म मागून घेतले. एखादा बिघडला तर असावा.

८ मार्च

रकाना नऊ.

'दुकानात होतो.' खरं आहे, पण तोकडं वाटतं.

'दुकानाची मागची बाजू सांभाळत होतो.' मागच्या बाजूला बेसिन आहे.

'चोराला ओळखता यावं म्हणून एकाने तरी जिवंत राहणं गरजेचं होतं.' हे लिहून मी बराच वेळ बघत बसलो. मग हिच्या जागी स्वतःला उभं करून पुन्हा वाचलं आणि फॉर्म बारीक फाडला.

१० मार्च

कमरेचा पट्टा आणला, पिस्तुलाच्या खिशासकट. अस्सल चामडं. हिने विचारलं, पिस्तूल कुठाय? अजून नाही म्हटल्यावर म्हणाली, बाजारात तुरी. पण हसली नाही. एरवी हसली असती.

पिस्तूल येईपर्यंत सराव हवा. काच पुसायच्या स्प्रेची बाटली खिशात नेमकी बसते. आरशासमोर झटकन काढायची, नेम धरायचा. पहिल्या वीस वेळा पोट आड आलं. एकविसाव्या वेळी जमलं, तेवढ्यात दार उघडून शाळेच्या मुख्याध्यापक बाई आत आल्या. त्यांना तोंड पुसायला टॉवेल दिला. नंबर तपासून घ्यायला आल्या होत्या, पण म्हणाल्या की पुन्हा कधीतरी येईन.

संकल्प: उद्यापासून रात्रीचा भात बंद.

११ मार्च

भात एकदम बंद करणं शरीराला बरं नाही.

१२ मार्च

एक गोष्ट लक्षात आली आहे. आली नसती तर बरं झालं असतं.

आमचा दुकानातला जुना नियम आहे. मी आत डोळे तपासत असलो की खोलीत अंधार असतो, हाक मारलेली गिऱ्हाइकाला आवडत नाही. म्हणून ही दारावर वाजवते. एकदा वाजवलं तर चहा. दोनदा वाजवलं तर नवीन गिऱ्हाईक. तीनदा वाजवलं तर हातातलं टाकून लगेच बाहेर. नियम मीच केलाय, दुकान उघडलं त्या वर्षी.

त्या मंगळवारपासून हिने दार वाजवलेलं नाही. चहा झाला की कप काउंटरवर ठेवते. गिऱ्हाईक आलं की मी बाहेर येईपर्यंत त्याला बसवून ठेवते. आज चहा तीन वेळा गार झाला. तसाच प्यायलो.

मंगळवारी तीनदा वाजलं होतं.

मला वाटलं गल्लीतून कुणी खिळा ठोकतंय. असं वाटणं शक्य आहे.

१४ मार्च

परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी. सरकारी डॉक्टर. ही गोष्ट डाव्या हातचा मळ. तीस वर्षं मी हेच करतोय, आणि चष्मा मला स्वतःला कधी लागला नाही. म्हणजे लावला नाही.

डॉक्टर म्हणाले, समोरचं वाचा. मी वरपासून सुरू केलं आणि एका दमात शेवटची बारीक ओळसुद्धा म्हणून टाकली. कुठे अडखळलो नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की तक्ता तुमच्या डावीकडे आहे, समोर कॅलेंडर आहे.

मी जे म्हणालो तो माझ्या दुकानातला तक्ता होता.

त्यांनी शेरा लिहिला: चष्मा घालून पुन्हा यावे. वर सल्ला दिला की बाजारासमोर एक चांगलं चष्म्याचं दुकान आहे, तिथल्या बाई फार नीट वागतात. मी म्हणालो, माहीत आहे.

१५ मार्च, दुपारी

दार घट्ट बसत नाही. लाकूड फुगलेलं नाही. गल्लीत कुणी खिळा ठोकत नव्हतं.

दाराच्या फटीतून मला सुरा दिसला. तेवढा बरोबर दिसला, चष्म्याशिवाय. मी दार लावलं आणि आतून कडी घातली. मग तीनदा वाजलं. काउंटर त्या दाराला लागूनच आहे. हिने मागे न बघता, हात पाठीमागे नेऊन वाजवलं असणार. मी पेशंटच्या खुर्चीत बसलो होतो. बाहेर त्याची मोटार सुरू होऊन लांब जाईपर्यंत उठलो नाही.

पंचवीस वर्षांचा संसार. ही आजारपणात माझं अंथरूण बदलते. लाज वाटते. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलं. वहीला कुलूप घ्यायला हवं.

१६ मार्च

दिवसभर विचार केला. पिस्तूल असतं तर मी कडी घातलीच नसती. माणूस भित्रा नसतो, निःशस्त्र असतो. या विचाराने बरं वाटलं. परवाना हवाच. रकाना नऊमध्ये 'आतल्या खोलीत होतो' असं लिहिलं. पुढचं कोरं ठेवलं. रकाना चौदासाठी फॉर्म हिच्यापुढे ठेवला आणि मी उगाच बाजारात जाऊन आलो. आणायचं काहीच नव्हतं. लिंबं आणली.

१७ मार्च

हिने लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखंच, गोल. 'त्या वेळी माझे यजमान आतल्या खोलीत एका पेशंटचे डोळे तपासत होते. खोलीत अंधार असतो व मशीनचा आवाज असतो. त्यांना काही ऐकू आले नाही. परवान्यास माझी हरकत नाही.'

पेशंट नव्हता. मशीन बंद होतं. हिला दोन्ही माहीत आहे.

खरं लिहिलं असतं तर मी भांडलो असतो. फॉर्म खिशात घालून ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि परत आलो. उद्या हिला सगळं सांगायचं. मुद्दे काढून ठेवले आहेत.

१८ मार्च, सकाळी दुकान उघडायच्या आधी

मुद्दे लागले नाहीत. पहिल्याच वाक्याला हिने थांबवलं. म्हणाली, मला माहीत आहे. कडी पडल्याचा आवाज आला होता. शिवाय तुम्ही घाबरलात की नाकाने शीळ वाजते, ती दाराबाहेर ऐकू येत होती. चोरालाही ऐकू आली असेल, असं वाटत होतं.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले होते. आणि घड्याळवाल्यासमोर धावलात तेव्हा मात्र फार राग आला. एवढं बोलून रडली. हिला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. मी माफी मागितली. माफीचं आधी काही ठरवलं नव्हतं, त्यामुळे नीट जमली नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, पिस्तूल आणा नाहीतर आणू नका, पण ती कडी आधी काढा. मी चष्म्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तो दाराच्या स्क्रूपुढे काडीसारखा. हिने घरून मोठा आणला. स्क्रूची खाच दिसेना, तेव्हा शोकेसमधला पहिला हाताला लागला तो चष्मा घातला. दोन नंबरचा. बायकांची फ्रेम. चार स्क्रू, चार भोकं. आता दार नुसतं लोटलं की उघडतं.

उद्या फॉर्म नव्याने, खरा भरून देणार. आता मन साफ आहे. खरा शूर माणूस तोच, जो चूक कबूल करतो. पिस्तूल अशाच माणसाच्या हाती शोभतं.

१९ मार्च, सकाळी ११.२०

मुख्याध्यापक बाई पुन्हा आल्या होत्या, नंबर काढून गेल्या. मी आत भिंगं पुसत होतो. दारावर तीनदा वाजलं.

माझा हात कडीकडे गेला.

भोकांवर बोटं टेकली तेव्हा कळलं. मग बाहेर आलो. बाहेर कुणीच नव्हतं. हिच्या हातात चहाचा कप होता. म्हणाली, काही नाही, बघत होते. मला किती वेळ लागला ते मी विचारलं नाही.

चहा गरम होता. फॉर्म फाडला. कमरेला पिस्तूल असतं, तरी हात कडीकडेच गेला असता. पट्टा स्प्रेसाठी ठेवला आहे.