गिळलेला खोकला

१४ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तू बरी असशीलच. तुझं कधी वाईट चालतं? बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे. डॉक्टरांनी रोज दोन चमचे कच्चं ऑलिव्ह तेल घ्यायला सांगितलंय. कडू असेल तेवढं चांगलं, त्यातली अँटिऑक्सिडंट हृदयाला बरी, म्हणे. मी बाटली आणली, तर बाबांनी ती बाजूला सारली. "धाकटीचं आण. घशाला झोंबतं ते!" मी वीस वर्षं तेलं चाखतेय, आणि तुला ऑलिव्हची बाग घेऊन जेमतेम चार वर्षं झाली. असो.

तुझं तेल स्पर्धेतून बाद झालं तेव्हा तू फोनवर रडलीस. मी म्हटलं, "नशीब गं एकेकाचं." ते नशीब नव्हतं.

स्पर्धेत चाखायला ठेवलेल्या पेल्यांवर नुसते आकडे असतात, काचही निळी, तेलाचा रंग दिसू नये म्हणून. तरी सात नंबरचा पेला तळहातात उबवून नाकाशी नेला आणि ओळखलं. नुकतंच कापलेलं गवत, कच्चा टोमॅटो. फळं हिरवी असतानाच तोडणारी उतावळी तूच. घोट घेतला. जीभ कडू झाली, मग घशात झणका. अशा तेलाला खोकला येतोच. आम्हा परीक्षकांच्या टेबलावर तीच दाद. मी तो गिळला. डोळ्यांतलं पाणी टिपलं आणि कागदावर लिहिलं, "खवट". परीक्षकांची प्रमुख मी, माझ्यापुढे कोण बोलणार?

जळले मी, चिमे. दुसरं कारण नाही.

काल स्पर्धेतल्या तेलांचा प्रयोगशाळेचा अहवाल आला. तुझ्या तेलात अँटिऑक्सिडंट सगळ्यांत जास्त. ती भरपूर असली की तेल लवकर खवट होत नाही, हे नवख्यांना मीच शिकवते! सोबतचे परीक्षक चाचरत म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी सर्दी होती का तुम्हाला?"

मी "हो" म्हणाले.

आज सकाळी आयोजकांकडे जाऊन खरं काय ते लिहून दिलं. सोमवारी तुझं तेल पुन्हा चाखतील. मी नसेन, आता कधीच नसेन. पुढच्या वर्षी माझ्या जागी कोण, असं त्यांनी विचारलं. तुझं नाव सांगितलं. सांगतानाही पोटात दुखलंच, खोटं कशाला बोलू?

इतक्यात फोन करू नकोस. तू लगेच माफ करशील, आणि तेही तुला माझ्यापेक्षा चांगलं जमलेलं असेल.

तुझीच,
ताई