तात्पुरती

९ नोव्हेंबर, रविवार

आणलं मांजर. पण जिच्या घरून आणलं ती बाई रडली नाही! मला वाटलं होतं रडेल. तिला द्यायला पर्समध्ये रुमालसुद्धा घडी करून ठेवला होता. ती नुसती पिंजऱ्याच्या जाळीतून एक बोट आत घालून उभी, आणि मांजर त्या बोटाला गाल घासतंय. पाच मिनिटं. मी दारात ताटकळत, मीटर चालू ठेवलेल्या टॅक्सीवाल्यासारखी.

मांजरांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत. 'तात्पुरते घर' म्हणजे ती. 'कायमचे घर' म्हणजे मी. तिचं नाव मला लिहायचंही नाही इथे. ती तात्पुरती, मी कायमची. गाडीत हे मनातल्या मनात चार वेळा म्हणून घेतलं.

भंगारातल्या एका गाडीच्या बॉनेटखाली सापडली तेव्हा मुठीएवढी होती म्हणे. करडी, पोटाशी पांढरी. तात्पुरतीने सात महिने सांभाळली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला आहे, रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. स्वतःच्या डोळ्यांत मात्र थेंब नाही!

एकवीस दिवसांची मुदत आहे. तोवर मांजर रुळलं नाही तर परत तिच्याकडे. सूचनांचा कागद दिला, तिच्याच अक्षरात. पाणी आणि खाणं लांब लांब ठेवा. उचलायला जाऊ नका. सोबत तिच्या घरचा उशीचा अभ्रा दिलाय — वास ओळखीचा आहे, तीन आठवडे धुवू नका. नाव मखमल. हाक मारली की येते.

आई म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं." व्याही कुठून आणला कोण जाणे. माझं लग्नच झालेलं नाही.

१० नोव्हेंबर

पलंगाखाली. 'मखमल, मखमल' करून घसा बसला. कुणी आलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आली बाहेर! पण माझ्याकडे नाही.

सकाळी मी ओट्याशी, आई खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत. आईने नेहमीसारखं ओरडून सांगितलं, अगं, माझा चष्मा बघ कुठे गेला. आणि पलंगाखालून मखमल निघाली ती थेट आईच्या पायाशी! शेपटी वर. आईने तिला काठीने बाजूला सारलं. तरी तिथेच. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी पुन्हा तेच. आई म्हणते, मी काही बोलावलं नाही हो तुझ्या मांजराला, मला नको ती केसाळ बला.

म्हणजे जिला नको तिच्या पायाशी. आणि जी मासा उकडून, काटे काढून, फुंकर घालून निववते — तिला पलंगाखालून दोन डोळे.

आई आहे म्हणून सोडून देते. नाही, सोडत नाही. इथे तरी खरं लिहावं. पोटात दुखलं.

१४ नोव्हेंबर

तात्पुरतीचा मेसेज: फोटो पाठवाल का? पाठवला. अंधारातला, नुसती शेपटी दिसेल असा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मी आईला म्हणाले, अगं आई, गॅस बारीक कर. तर मखमल कपाटामागून उठून आली, आईकडे बघत बसली. म्हणजे आता आईला हाक मारली तरी पुरते!

दातांच्या लॅबमध्ये एका कवळीला वरचे दात खाली बसवले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. साहेब म्हणाले, हा रोगी काय उलटा होऊन जेवणार आहे का? मेण पुन्हा वितळवलं, दात पुन्हा रांगेत लावले. दिवसभर लोकांना नवे दात लावते आणि मला स्वतःला ओठावर हसू आणता येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आठवड्याची भेट. नियमच आहे, तात्पुरत्या घराने एकदा येऊन बघायचं. आली. दारातून आत येताना एक शब्द बोलली नाही. चपला काढल्या, भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि तळहात उघडा करून ठेवला.

मखमल धावत गेली! आठ दिवसांत मी तिला धावताना पाहिली नव्हती. मला वाटायला लागलं होतं पायातच काही दोष असेल. तिच्या मांडीवर चढून, दंडात डोकं खुपसून जी घुरघुर सुरू झाली, ती मला स्वयंपाकघरात ऐकू येत होती. मी उगाच तिथे कपबश्या विसळत होते. धुतलेल्याच.

डोळे मिटून दूध पिणारी मांजर म्हणतात ती हीच. मांजर नव्हे, तात्पुरती. जाताना म्हणते कशी, रुळेल हो, वेळ द्या. जसं काही वेळ तिच्या मालकीचा.

ती गेल्यावर मखमल दाराशी बसून राहिली, उंबऱ्याला नाक लावून. त्यातच दादाचा फोन आला. दर रविवारी येतो, सात मिनिटं. आई काठी विसरून उठली. त्याचं नाव घेतलं, लाडाचं वेगळं, पाळण्यातलं वेगळं, सगळी नावं घेऊन झाली. दादा परगावी गेल्यापासून बारा वर्षं मी एकटी हिच्याजवळ राहते, हिचे गुडघे चोळते, मला या घरात नाव नाही. मी दारातून बघत होते — एक दाराला नाक लावून बसलेली, एक फोनला कान लावून. जो निघून गेला त्याच्यासाठी दोघी. आणि इथे उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अभ्रा धुतला.

मुद्दाम. मखमल त्यात तोंड घालून झोपली होती आणि झोपेत पाय मळत होती, कणीक मळावी तसे. अभ्र्यावर! मी उकडलेला मासा त्या अभ्र्याशेजारी ठेवून कामावर जाते, आणि कौतुक अभ्र्याचं. ती खिडकीत गेली तेवढ्यात उचलला. दुप्पट साबण, वर ते गुलाबाच्या वासाचं पाणी. वाळत घालताना गाणं गुणगुणत होते. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

१८ नोव्हेंबर

वाळलेला अभ्रा जागेवर ठेवला. तिने हुंगला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पलंगाखाली गेली. ताटली तशीच.

१९ नोव्हेंबर

ताटली तशीच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांकडे नेली. पिंजऱ्यात घालताना ओरबाडलंसुद्धा नाही, ते जास्त वाईट वाटलं. ताप नाही, दात ठीक, पोट मऊ. डॉक्टर म्हणाले, मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृत बिघडतं, हलक्यात घेऊ नका. मग विचारलं, घरात काही बदललं का? जागा, माणसं, तिच्या वासाची एखादी वस्तू? मी नाही म्हणाले. तोंड वर करून!

पिचकारीने पातळ अन्न भरवायला दिलंय. अर्धं माझ्या कुर्त्यावर, अर्धं तिच्या छातीवर. गिळलं किती ते तिलाच माहीत. आई खुर्चीतून बघत होती. तिने ओळखलं असणार. तिनेच दोरीवर अभ्रा पाहिला होता.

मला एवढंच हवं होतं की एका कुणीतरी सगळ्यांत आधी माझ्याकडे यावं. आणि त्या हट्टापायी मी या एवढ्याशा जिवाला उपाशी मारतेय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी तात्पुरतीला फोन केला. खात नाही, इतकंच सांगितलं. ती दवाखान्यातून सुट्टी काढून अकराला आली. मी लॅबमध्ये कळवलं, येत नाही.

पलंगाजवळ जमिनीवर बसली. माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी बाहेर जावं. मी हलले नाही. माझं घर आहे! शेवटी नाइलाज झाल्यासारखी वाकली आणि हळूच म्हणाली,

"अगं."

बस्स. ना मखमल, ना राणी, ना चुकचुक.

"अगं, काय हे? ये की."

आणि मखमल आली. पोट जमिनीला घासत, धुळीचं जाळं कानावर घेऊन. तात्पुरतीने बोटांवर घेतलेला मासा चाटला. मग खाल्ला. एक घास, दोन, पाच. माझा जीव भांड्यात पडला — आणि तेच भांडं उचलून तात्पुरतीच्या डोक्यात घालावंसं वाटलं. दोन्ही एकदम. खोटं कशाला लिहू.

मग माझ्या तोंडून निघून गेलं की अभ्रा मी धुतला. चुकून नाही, मुद्दाम. ती म्हणाली, कळलं मला, दारातच गुलाब आला नाकात. मला वाटलं आता संस्थेला फोन करेल, पिंजरा मागेल. ती मखमलच्या कानावरची धूळ काढत राहिली.

"मीही एक केलंय," ती म्हणाली. "नाव संस्थेने ठेवलं होतं, ते तुम्हाला दिलं. हाक माझी होती. ती ठेवून घेतली."

सात महिन्यांत तिने एकदाही मखमल म्हटलेलं नाही! अगं ऊठ, अगं खा, अगं खाली उतर. एकटी राहते, बोलायला दुसरं कोण. त्या रविवारी मुद्दाम तोंड मिटून आली होती, मला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मी वेडी बारा दिवस फॉर्मवरचं नाव घेऊन पलंगाखाली ओरडतेय!

तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज — अगं, कोण आलंय? मखमलचे दोन्ही कान तिकडे वळले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मी आधी हसले की ती, आठवत नाही.

मी विचारलं, नेताय का हिला? ती म्हणाली, अकरा मांजरं दिली आजवर, हीच एक द्यायची नव्हती. पण एक ठेवून घेतलं की पुढच्याला जागा राहत नाही. बॉनेटखाली अजून कोण ना कोण असतंच. घरी काल तीन पिल्लं आलीत, डोळेही न उघडलेली. मग म्हणाली, तुम्ही मारून बघा ना हाक.

माझ्या तोंडून निघेना. परक्याच्या पेटीला हात लावल्यासारखं वाटलं. शेवटी कसंबसं म्हटलं, अगं. मखमलने एक कान हलवला. एकच. उठली नाही.

जाताना तात्पुरतीने दारात डोळे पुसले. मी रुमाल दिला नाही, सुचलंच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

थोडं थोडं खाते. दादाचा फोन येऊन गेला. नंतर आईला विचारलंच — त्याला दहा नावं, आणि मला कधी एका नावाने हाक मारत नाहीस ती का? आई चष्मा पुसत म्हणाली,

"घरातल्या माणसाची काय हजेरी घ्यायची?"

आणि लगेच, अगं, गुडघ्याचं तेल दे. मी आणि मखमल दोघी उठलो. ती आधी पोहोचली.

२६ नोव्हेंबर

माझ्या 'अगं'ला आली. अर्ध्या वाटेपर्यंत. तिथे बसून अंग चाटायला लागली. आईच्या 'अगं'ला मात्र पूर्ण वाट येते! जळते मी अजून. स्वभावाला औषध नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

मुदत संपली. संस्थेचा फोन आला, मांजर रुळलं का? मी म्हणाले, ती रुळतेय, मीही रुळतेय. पलीकडची मुलगी म्हणाली, फक्त हो किंवा नाही सांगा. हो म्हणाले. कायमचे घर, सही, झालं.

आनंद व्हायला हवा. झालाही. पण दुपारभर डोळ्यांसमोर तात्पुरती येत होती — मखमलशिवायच्या घरात 'अगं' कुणाला म्हणत असेल? त्या तीन पिल्लांना? त्यांना तीच हाक मारत असेल का? आणि गंमत बघ — याचंही मला वाईट वाटलं. मखमलच्या वतीने!

३ डिसेंबर, बुधवार

मखमलने आज चादरीवर पाय मळले. माझ्या. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि कळेल अशी एकच बाई. फोन लावला. अहो म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "अगं, ऐक ना—"

मखमल उठून आली. आईने खुर्चीतून विचारलं, मला म्हणालीस? आणि पलीकडून ती म्हणाली, "बोल."