डॉक्टरांच्या गाडीचं चार्जिंग

२ फेब्रु. ८४, गुरु.
आज पुन्हा गाडी ढकलली. किसन मिस्त्रींनी बॅटरी चार्ज करणारा जुना डायनमो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवला, जाड वायरी ओढल्या, त्याला पंधरा दिवस नाही झाले. बॅटरी चौथ्यांदा उतरली. डॉक्टर घोटीच्या पेशंटकडे एस.टी.नं गेले. डॉक्टरीणबाई आप्पांना म्हणाल्या, आता नवा ड्रायव्हर बघावा लागेल. हसून म्हणाल्या म्हणे. आप्पा सांगताना हसले नाहीत. माझ्या जन्माआधीपासून, पंचवीस वर्षं, डॉक्टरांची हीच गाडी चालवतात.

४ फेब्रु., शनि.
ऑफिसातून परस्पर आप्पांबरोबर गॅरेजवर. वायर नवीच घातली म्हणून मिस्त्रींनी उरलेलं भेंडोळं दाखवलं, कोरं. उरलेलं नवं म्हणून लावलेलंही नवंच कशावरून? तसं विचारलं.
"शिकलेली माणसं लय संशयी," म्हणाले. उद्या येऊन बघतो म्हणाले. मग आप्पांना विचारलं, चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो ना? आप्पा "लागतो" म्हणाले, पण माझ्याकडे बघून. विचारलं मिस्त्रींनी, मग माझ्याकडे का?

५ फेब्रु., रवि.
सकाळीच बाईंना सांगून आले, मिस्त्रींनी जुना माल घातला असावा. 'असावा' म्हटलं होतं. बाईंनी तेवढंच ऐकलं नाही. मिस्त्री आले तर फाटकातूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी ओळखीच्या दोघांना फोन केले, याच्याकडे गाडी देऊ नका. आप्पा तेव्हा काच पुसत होते. तीच काच, कितीतरी वेळ.

७ फेब्रु., मंगळ.
अल्टरनेटरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आप्पांकडून मागून घेतलं. डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं. लाल दिव्याचा बल्ब नसेल तर अल्टरनेटर चार्जच करत नाही. सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून जातो.
आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत बल्ब. मिस्त्रींचं काम झाल्यावर चावी फिरवली की लाल लागायचं, बाई रोज विचारायच्या, काय बिघडवलंत? म्हणून काढून ठेवला.
"उद्या बसवून टाकतो. कुणाला कळायचं नाय."
मी म्हटलं, आणि मिस्त्री?
"त्याला धा गिऱ्हाईकं हायेत. मला एकच दार हाय."
माझं 'असावा' मात्र मीच बाईंकडे जाऊन मागं घ्यायला हवं... जाऊ दे.

११ फेब्रु., शनि.
तीन दिवस गाडी एका सेल्फला सुरू. डॉक्टर म्हणाले, मिस्त्रीपेक्षा आमचा ड्रायव्हर हुशार. आप्पांनी घरी हे सांगितलं नाही, मला बाईंकडून कळलं.
संध्याकाळी आप्पांबरोबर येताना गॅरेज लागलं. पुढं एकही गाडी नाही. मिस्त्रींनी हाक मारली. आवाजात राग नव्हता.
"झाली म्हणं गाडी नीट. काय निघालं गं?"
खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. स्टूल पुढं केलं. आप्पा सायकल धरून उभे. मी बसले, तशी त्यांनी सायकल पुढं काढली.
सगळं सांगितलं. मिस्त्री हात पुसत राहिले.
घरी आले तर आप्पा जेवून भिंतीकडे तोंड करून आडवे. झोप लागली नसावी.
उद्या रविवार. डॉक्टर दिवसभर घरी असतात, बाईही.