कोऱ्या नळीतली रेघ

२२ मार्च १९९३, परभणी
आज प्रयोगशाळेत रुजू झाले. खोली छोटी, पण माझी! पाण्याच्या नमुन्यातला जनुकांचा अंश नळीत घालायचा आणि ती नळी तीन गरम टाक्यांतून तीस वेळा फिरवायची. पटकीचा जंतू असेल तर जांभळ्या दिव्याखाली नारिंगी रेघ चमकते. सोबत एक कोरी नळी, नुसत्या शुद्ध पाण्याची. ती काळीच राहिली पाहिजे. मी चारदा हात धुतले. बाटल्या धुणाऱ्या बायनाबाई हसल्या. म्हणाल्या, मॅडम, लय धुतल्यानं हाताच्या रेषा निघून जातील की.

२५ मार्च
पेडगावजवळच्या एका वस्तीवर गेले. पटकीच्या साथीनंतर वीस वर्षं बंद असलेली बारव ६ एप्रिलला, हनुमान जयंतीला उघडायची आहे. जत्रेतले सगळे तेच पाणी पिणार. पायरीवर बसलेल्या चतुराबाई नावाच्या म्हातारीनं लोटा पुढं केला. ताई, आदी पानी, आमच्यात पाव्हन्याला कोरडं धाडत न्हाईत, म्हणाली. नको म्हणणं जिवावर आलं. प्यायले. मग बाटली भरून घेतली.

२९ मार्च
रेघ आली. जिवंत जंतू वाढवून बघायच्या ताटलीत मात्र काहीच वाढलं नाही. आमचे प्रमुख दिनकरराव म्हणाले, ही चाचणी मेलेल्या जंतूंचीही रेघ दाखवते. मेलेल्यांना काय भ्यायचं, ‘शुद्ध’ लिहून टाका. मला लिहायला वडिलांनी, दादांनी, घरीच शिकवलं. त्यांचा नियम एकच, खरं लिहिलेलं खोडायचं नाही. खोडलं नाही.

२ एप्रिल
कोरी नळीही चमकली. सगळं नवं घेतलं. पुन्हा रेघ. मग नळ्या बायनाबाईंना भरायला लावल्या, मी दाराबाहेर उभी राहिले. कोरी नळी काळी.
म्हणजे रेघ माझ्यातून येते.

४ एप्रिल
बायनाबाईंना म्हातारीचं सांगितलं. त्यांच्या हातातली बाटली फुटली. म्हणाल्या, चतुराबाई वीस वर्षांमागं त्याच साथीत गेली, सगळ्यांच्या आधी.
माठ संपवला. तहान जात नाही—
दिनकररावांनी अहवालात ‘शुद्ध’ लिहिलं. मी खाली ‘अशुद्ध’ लिहून सही केली.

६ एप्रिल
बारवेच्या पहिल्या पायरीवर, वाट अडवून. अहवाल देवळाच्या भिंतीवर डकवलाय. समोर कळश्या घेऊन बायका. सरपंच म्हणतात, उठा. उठणार नाही.
मागं ओली पावलं— बघणार नाही.
लोटा. माझ्याच डाव्या हातात. भरलेला. हात आपोआप पुढं होतोय, तोंडातून शब्द येतायत— ताई, आदी—
नाही. उपडा केला.
पुन्हा भरला. पुन्हा उपडा केला.
पुन्हा भर—