गुडघ्यावरचा लेप

शनिवार, संध्याकाळ. सँट्री, मुलाचं परदेशातलं घर.

आज पुन्हा तेच पाहिलं. नातीच्या, ईराच्या, फुटबॉल क्लबातले जपानी कोच कठडा दोन्ही हातांनी धरून जिना उतरत होते. वय माझ्या मुलाएवढं. एके काळचे मोठे खेळाडू. खेळ सोडून किती वर्षं झाली, तरी लोक फोटोसाठी अडवतात, त्यांच्या नावाचं गाणं म्हणतात. आजही खाली गाणं चाललं होतं, आणि हे कठडा धरून हसत होते.

मी मोडक्या इंग्रजीत पायाचं विचारलं. वाकून म्हणाले, "इंजेक्शन घेऊन खेळायचो. दुखणं कळायचंच नाही. लोक खूश, मीही खूश."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ईराच्या सुजलेल्या गुडघ्याला आठवडाभर मी आंबेहळदीचा गरम लेप लावतोय. आईला सांगू नका म्हणाली, म्हणून सुनेला बोललो नाही. घरच्या औषधाने गुण आला याचाच मला आनंद. पण गुण आला, की दुखणं नुसतं दबलं? सातवी शिकलेल्या माणसाला काय कळणार.

आत्ता तिला म्हटलं, "उद्याची फायनल राहू दे."

"आजोबा, आय ॲम ग्रँड, एकदम मस्त! तुमची पेस्ट मॅजिक आहे." लेपाची वाटी तिनेच गरम करून आणली होती.

मी लेप न लावता गुडघा चाचपला. तापलेला, टणक.

"दुखतंय?"

"नॉट अ बिट."

सून यायचीय. आली की सांगणार. सांगेन ना मी?